ऐकण्यात तीन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नाशिकच्या बहिणीलाही नाही — आणि तिला मी सासूशी झालेल्या भांडणापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस असतं तर अर्ध्यातच म्हणालं असतं, जाऊ दे गं मेधा, तुझा एकटीचा थोडाच दोष आहे. आणि ते ऐकून मला बरं वाटलं असतं. तेच मला नको आहे.

कुठून सुरू करू? मुद्द्यापासून करायला हवं, कळतंय मला. पण जीभ अडखळते. आधी शाळेबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मी कतारला, दोह्यात राहते, बिन महमूद भागात. नवरा गॅस कंपनीत इंजिनिअर, मुलगा शिकायला बाहेर गेलेला. मी इथल्या एका खासगी शाळेत काम करते. शाळा अमेरिकन पद्धतीची. म्हणजे शिक्षक जगभरचे, मुलं जगभरची, आणि अभ्यासक्रम अमेरिकेतल्या एका राज्याचा. त्या राज्यात आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलेलं नाही. पण तिथल्या दुसरीतल्या पोराला काय काय यायला हवं, हे आम्हाला तोंडपाठ आहे. त्याला ते लोक ‘स्टँडर्ड्स’ म्हणतात. आमच्या रिपोर्टवर मार्क नसतात. वाचन, लेखन, बोलणं, ऐकणं — अशा एकेका ओळीपुढे एक ते चारमधला आकडा असतो. एक म्हणजे अजून सुरुवातच आहे. दोन म्हणजे जवळ आलंय. तीन म्हणजे पोहोचलं, जिथे असायला हवं तिथे आहे. चार म्हणजे पुढे गेलंय.

आपल्या लोकांना हे काही केल्या पचत नाही. रिपोर्ट लागले की मला फोन सुरू होतात, कारण शाळेत मराठी बोलणारी मी एकटी. ताई, तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के धरायचे का? ताई, चार नाही मिळाला म्हणजे काय चुकलं? मी हसून सांगायची, अहो, तीन म्हणजे सगळं ठीक आहे, निवांत राहा. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की त्याला अर्थ असतो हेच विसरून गेले होते.

माझं काम हे आकडे सांभाळण्याचं. वर्गशिक्षिका आकडे भरतात, मी ते तपासते, एका वर्गात फार हात ढिला आणि दुसऱ्यात फार आखडता असं होऊ नये म्हणून थोडे वर-खाली करते, आणि मग सगळ्यांची बेरीज करून शाळेचा अहवाल तयार करते. किती मुलं तीनला किंवा तीनच्या वर आहेत — तो एक आकडा बाहेर जातो. शाळेला मान्यता देणारी मंडळी दर काही वर्षांनी येतात. ती त्या आकड्याकडे बघतात आणि मग त्याचा पुरावा मागतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. वाचनाचा पुरावा असतो, लेखनाचा असतो, गणिताच्या तर वह्याच्या वह्या असतात. ऐकण्याचा कागद नसतो. बाईंनी गोष्ट सांगितली, मुलाने ऐकली, प्रश्नांची उत्तरं दिली — संपलं. मागे काहीच उरत नाही. म्हणून जेव्हा बेरीज थोडी कमी पडते, तेव्हा हात कुठे जातो? ऐकण्याच्या ओळीकडे. तिथे कुणी पकडत नाही.

आणि आणखी एक नियम आहे. तो मीच बसवला होता, त्याचा मला अभिमानही होता. कुठल्याही ओळीत एक आला, की त्या मुलाच्या नावापुढे आपोआप लाल ठिपका उमटतो. ठिपका उमटला की ते मूल नर्सकडे जातं, डोळे आणि कान तपासले जातात, आईवडिलांना बोलावलं जातं. म्हणजे मूल मठ्ठ आहे असं ठरवण्याआधी त्याला दिसतंय का, ऐकू येतंय का, एवढं तरी बघावं. साधी गोष्ट. नाशिकला मी पूर्वी शिकवत होते तेव्हा एक मुलगा चष्मा नसल्यामुळे वर्षभर मार खात राहिलेला मी पाहिला होता. म्हणून हा नियम केला.

लक्षात आलं ना, मी काय सांगतेय? नियम माझाच होता.

आता गार्गीबद्दल.

गार्गी तेव्हा दुसरीत होती. वडील प्रशांत, हमद पोर्टवर क्रेनच्या देखभालीचे इंजिनिअर. आई शीतल, सांगलीकडची, बोलायला मोकळीढाकळी, हाताला चव असलेली बाई. राहायला अल हिलालला. शाळेमुळे ओळख झाली आणि मग घरोबाच झाला. मी तिला नुसतं शीतल म्हणायची, ती मला मेधाताई. इथे बहीण जवळ नसते, सासर-माहेर नसतं, मग आपण अशी नाती जोडून ठेवतो. शीतलने माझ्यावर बहिणीसारखा विश्वास टाकला. तिला दुसरं कोण होतं?

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं. आम्ही पंधरा-वीस बायका हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या, तिळगूळ, वाण, साड्या, फोटो, सगळं यथासांग. गार्गी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती, हात लावला तर पडद्याला लागेल इतकी जवळ. आवाज इतका मोठा की आम्हाला एकमेकींचं ऐकू येईना. शीतलने स्वयंपाकघरातून हाक मारली. पुन्हा मारली. मग बाहेर येऊन म्हणाली, “बघितलंत का मेधाताई? हिला हाका मारून मारून माझा घसा बसतोय बघा. मराठीत बोलावलं की बाईसाहेब ढिम्म हलत नाहीत. इंग्लिशमध्ये बोलावलं पाहिजे.”

सगळ्या हसल्या. प्रत्येकीच्या घरी तेच होतं ना! पोरांना मराठी कळतं, पण उत्तर देतील इंग्रजीत, आणि हाक मराठीत आली की दुर्लक्ष करतील. एक जण म्हणाली, आमच्याकडेही असंच, मराठी कान बंदच करून ठेवलेत यांनी. पुन्हा हशा. मीही हसले.

पण मी एक गोष्ट पाहिली होती. शीतल टीव्हीच्या आड येऊन उभी राहिली, तेव्हा गार्गीने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओठांकडे. मग मान किंचित उजवीकडे वळवून डावा कान पुढे केला. इतक्या सहज, की तिला स्वतःलाही कळलं नसेल. म्हातारी माणसं करतात तसं. सात वर्षांची पोर असं का करेल?

पाहिलं मी ते. विसरूही शकले असते, पण विसरले नाही. घरी येताना गाडीत नवऱ्याला म्हणाले देखील, शीतलच्या मुलीला कमी ऐकू येतं की काय कोण जाणे. तो म्हणाला, मग सांग ना तिला. मी म्हटलं, सांगीन. हळदीकुंकवाच्या दिवशी आईला असं कसं सांगायचं? पुढच्या आठवड्यात सांगू. मग पुढच्या आठवड्यात काही ना काही निघालं.

त्यानंतर दुसऱ्या सत्राचे आकडे भरायची वेळ आली.

गार्गीची वर्गशिक्षिका ग्रेस, फिलिपिन्सची. नवीन होती, हळू आवाजात बोलायची. मुलांना जीव लावायची आणि मोठ्या माणसांना घाबरायची. तिने गार्गीला ऐकण्यात एक दिला. सोबत शेरा लिहिला, आणि तेवढ्यावर न थांबता माझ्या टेबलापाशी आली. इंग्रजीत म्हणाली, “मॅम, ती माझ्या तोंडाकडे बघते. मी फळ्याकडे वळले की ती हरवते. प्लीज, कुणीतरी बघायला हवं.”

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, घरी मराठी बोलतात ना, त्यामुळे इंग्रजी ऐकायला कच्ची असेल. मी ओळखते त्यांना.

बघा हं. घरी आम्ही सगळ्या म्हणत होतो, पोर इंग्रजीत गेली म्हणून मराठी ऐकत नाही. शाळेत मी म्हणत होते, घरी मराठी आहे म्हणून इंग्रजी ऐकत नाही. ही दोन्ही कारणं एकाच मुलीबद्दल खरी असणं शक्य नव्हतं. आणि ही दोन्ही ऐकलेली, घर आणि शाळा दोन्ही पाहिलेली अख्ख्या दोह्यात एकच व्यक्ती होती. शीतलला शाळेतलं माहीत नव्हतं. ग्रेसला घरचं माहीत नव्हतं. मला दोन्ही माहीत होतं.

त्या वर्षी मान्यता देणारी मंडळी यायची होती. बेरीज थोडी कमी पडत होती. प्रिन्सिपलबाईंनी मला काहीच सांगितलं नाही — निदान ज्याला सांगणं म्हणतात तसं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, मेधा, तुझ्या तपासणीवर माझा भरवसा आहे. मला कळायचं ते कळलं. पण मी हे तुम्हाला कशाला सांगतेय? तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवावं म्हणून? ते वाक्य सोडून द्या. त्यांनी आकडा बदलला नाही. त्यांना गार्गी कोण हे माहीतही नव्हतं.

भर दुपारची वेळ होती. खिडकीबाहेर धुळीचं वारं, ऊन पिवळं पडलेलं, समोरची इमारत दिसेनाशी झालेली. ऑफिसात एसीचा आवाज, आणि कुणीतरी कडक कॉफी करत होतं. मी ऐकण्याची ओळ उघडली आणि वरून खाली जायला लागले. जिथे दोन होते तिथे तीन करत गेले. सरसकट नाही, अधूनमधून, संशय येऊ नये इतपत. मला त्यात कसबही वाटत होतं, हे लपवत नाही. स्वयंपाकात मीठ नीट पडल्यावर वाटतं तसं समाधान.

मग गार्गीचं नाव आलं. एक. पुढे लाल ठिपका. खाली ग्रेसचा शेरा.

मी थांबले. नक्की थांबले. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवला, हेही आठवतं. टीव्हीसमोर वळलेली ती मान डोळ्यांपुढे आली. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. नकळत झालं, घाईत झालं, असं म्हणायची सोय मला नाही. ठिपका राहू दिला असता तर काय झालं असतं? एका मुलीचा एक. बेरजेत तो मावलाही असता. पण लाल ठिपके किती आहेत हेही ते लोक बघतात, आणि ठिपका असला की त्याच्या बैठका, त्याचे कागद, आणि मग शीतलला समोर बसवून सांगायचं. आणि ती विचारणार, मेधाताई, तुम्हाला आधी वाटलं नाही का काही? संक्रांतीला आला होतात तुम्ही.

ते जिवावर आलं. खरं कारण हेच. शाळेची बेरीज निमित्त होती. मला त्या बाईच्या नजरेत वाईट दिसायचं नव्हतं.

मी दोन करू शकले असते. दोनने ठिपका गेला असता, पण निदान आईच्या मनात पाल चुकचुकली असती. पण बेरजेला दोनचा उपयोग नव्हता. मी तीन केला. ठिपका गेला. शेरा पुसला आणि तिथे इंग्रजीत लिहिलं, लक्षपूर्वक ऐकते.

लक्षपूर्वक ऐकते. माझेच शब्द.

रिपोर्ट लागले त्या संध्याकाळी शीतलचा फोन आला. आवाजात काळजी होती. ती म्हणाली, “ताई, हिच्या उजव्या कानाला जरासा वास येतोय बघा. दुखत नाही म्हणते. पण टीव्ही फार मोठा लावते. हे म्हणतात दवाखान्यात दाखवू या. मी म्हटलं, आधी ताईंना विचारते. शाळेत नीट ऐकते ना हो ती?”

असा प्रश्न माणसाला आयुष्यात किती वेळा मिळतो? मी केलेलं मला परत करता येत होतं. एका वाक्यात. नाही गं शीतल, उद्याच दाखव — एवढंच म्हणायचं होतं. आकड्याबद्दल बोलायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, रिपोर्ट बघितलास ना? ऐकण्यात तीन आहे. तीन म्हणजे सगळं ठीक. निवांत राहा.

ती हसली. सुटल्यासारखी हसली. म्हणाली, “तेच म्हटलं मी ह्यांना. शाळेत ऐकतेय म्हणजे घरीच सोंगं चाललीत. मग आता नकोच, गावी गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवते.”

गावी गेल्यावर. इथे राहणाऱ्या प्रत्येक घरात हे चालतं. दात, गुडघे, चष्मा, पोटदुखी — सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीवर टाकायचं. तिथे आपला डॉक्टर, आपली भाषा, ओळखीचा कंपाउंडर. मीही माझे दात तसेच टाकलेत. म्हणून ती तसं म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. कुणीतरी कधीतरी बघणारच आहे. माझ्यावरचं गेलं.

मंडळी आली आणि गेली. बेरीज छान भरली. प्रिन्सिपलबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, केक कापला. मी घरी येताना नवऱ्यासाठी त्यातला तुकडा आणला.

ग्रेसने रिपोर्ट पाहिला होता. ती एकदा जिन्यात भेटली. काहीतरी बोलायला थांबली, मी घड्याळ बघितलं, तिने वाट सोडली. तिचा व्हिसा शाळेच्या हातात. तिला काय बोलता येणार होतं?

उन्हाळ्यात शीतल गावी गेली. दिराचं लग्न होतं. डॉक्टर म्हणाले मळ आहे, थेंब दिले. थेंब घातले की वास जायचा, संपले की यायचा. ते थेंब तिने इथेही आणले होते. मी पाहिले ते तिच्या ओट्यावर, मीठमसाल्याच्या डब्यांशेजारी. विचारलं नाही काही. गार्गी आता कापूस घालायची कानात. मला बघून छान हसायची. मी बोलायला लागले की माझ्या ओठांकडे बघायची आणि मी खाली बघायची, चहात.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी? तेव्हाही नाही. एकदा खोटं बोललं की त्याची राखण करावी लागते. आता सांगितलं तर मग तेव्हा का नाही — हा प्रश्न रोज मोठा होत होता. तो जितका मोठा होई तितकी मी गप्प. असे सुट्टीचे कितीतरी शुक्रवार गेले. आम्ही एकत्र समुद्रकाठी कॉर्निशला गेलो, डबे नेले, पोरं वाळूत खेळली. एकदा मागून एक सायकल घंटी वाजवत आली, आणि सगळी पोरं बाजूला झाली, गार्गी झाली नाही. सायकलवाल्याने कसाबसा हँडल वळवला. प्रशांत धावला, तिला ओरडला, लक्ष कुठे असतं तुझं? ती रडली. मला माहीत होतं तिचं लक्ष कुठे असतं. मी पर्समधून रुमाल काढून तिला दिला.

पुढच्या थंडीत एका सकाळी गार्गी उठली ती भिंत धरून. चक्कर येत होती, ताप होता, आणि चेहऱ्याची उजवी बाजू हलत नव्हती. हसायला गेली तर अर्धंच हसली. शीतलचा मला पहिला फोन. मी सुट्टी टाकून गेले. हॉस्पिटलमध्ये तिच्या शेजारी बसले, डबे नेले, फॉर्म वाचून दाखवले. सगळे म्हणाले, मेधाताई किती करतात.

कानाच्या आत कातडी वाढत गेली होती. हळूहळू, न दुखता. आतली नाजूक हाडं तिने खाऊन टाकली होती, आणि ती आणखी आत चालली होती. मेंदूपर्यंत जाऊ शकली असती, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कानात पाणी साठून तो मंद झालेला. ऑपरेशन झालं. चेहरा हळूहळू परत आला. उजवा कान आला नाही. डाव्यात मशीन बसलं.

डॉक्टर इजिप्तचे होते, सौम्य माणूस. त्यांनी विचारलं, वर्षभर आधी का नाही आणलंत? तेव्हा हाडं वाचली असती. आणि शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही?

शीतलने फोन काढला. त्यातला रिपोर्ट त्यांना दाखवला. तिने तो जपून ठेवला होता. डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं. ऐकण्यात तीन. लक्षपूर्वक ऐकते. त्यांनी फोन परत दिला. मी त्या खोलीत होते. शीतलच्या खांद्यावर माझा हात होता.

प्रशांतने शाळेत तक्रार केली. करायलाच हवी होती. रिपोर्टवर नाव ग्रेसचं होतं. कुणी आकडा कधी बदलला, हे फक्त माझ्या स्क्रीनवर दिसतं. माझ्याकडे विचारणा आली, आणि मी लिहून दिलं की नोंद वर्गशिक्षिकेचीच आहे. वर्षअखेरीस ग्रेसचा करार पुढे चालू केला नाही. सामान न्यायला आली तेव्हा ती माझ्या दारात उभी राहिली. “मॅम, मी एक दिला होता ना?” असं विचारलं तिने. भांडण म्हणून नाही. तिला खरंच स्वतःवर शंका यायला लागली होती. मी म्हटलं, मला आठवत नाही.

त्या दुपारी मी आणखीही नावं बदलली होती. दोनचे तीन केलेली. गार्गीचं काय झालं ते मला कळलं, कारण ती ओळखीची होती. बाकीची मुलं कुठल्या कुठल्या देशांची होती. काही परत गेली. त्यांच्यातलं कुणी मान वळवून बघत होतं का, मी बघितलं नव्हतं. अजूनही कधी जेवताना एखादं नाव आठवतं.

गार्गी आता सहावीत आहे. शाळा तीच. माझं कामही तेच. तिला पहिल्या बाकावर उजवीकडे बसवतात, आणि ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत शिकते. किती मेहनत घेते ते मी काचेतून पाहते. बाकीची पोरं जांभया देत ऐकतात ते ती कपाळाला आठ्या घालून मिळवते. यंदा दुसऱ्या सत्रात तिच्या बाईंनी तिला ऐकण्यात तीन दिला. मी तो तपासला. खरा तीन होता, तिने कमावलेला. स्क्रीनवर तो आधीच्या तीनसारखाच दिसतो.

गेल्या शुक्रवारी शीतलकडे जेवायला होतो. जेवणं झाल्यावर गार्गी फोन घेऊन माझ्या उजव्या हाताला येऊन बसली, म्हणजे तिचा डावा कान माझ्याकडे येईल अशी. आता ती अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलते. आईच्या ओठांवर मराठी असतं, म्हणून ते शिकावं लागलं तिला. तिने मला आधी यंदाचा रिपोर्ट दाखवला. मग बोटाने मागे मागे जात दुसरीतला उघडला.

“आँटी, इथे पण थ्री आहे,” ती म्हणाली. “लक्षपूर्वक ऐकते, असं लिहिलंय. आय डोंट रिमेंबर. मला कधी नीट ऐकू यायचं, काहीच आठवत नाही. पण हे आहे ना? सो तेव्हा मला ऐकू येत होतं, राइट? तुम्ही तर शाळेतच होता.”

शीतल स्वयंपाकघरात भांडी लावत होती. पाण्याचा आवाज येत होता. गार्गी माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळे अजिबात न हलवता, जसं ती सगळ्यांकडे बघते. तिला आवाजाची गरज नव्हती.

मी म्हटलं, हो.

तिने ते माझ्या ओठांवरून वाचलं, आणि फोन बंद करून आईला सांगायला आत गेली.